निंबाच्या ओंडक्यातली कडी

बाबा, तुमचं चुंबक अजून लाकूड कापायच्या आरामशीनच्या खांबालाच टांगलेलं आहे. जुन्या भोंग्यातून काढून तुम्ही त्याला सुतळी बांधली होती. पांढरकवड्याच्या रस्त्यावर आपण मशीन बसवली, तेव्हा पाया खोदणाऱ्यावर तुमचा संशय, मोटार आणणाऱ्यावर संशय, आणि ओंडक्यांवर तर रोजचाच. साल खरवडायची, कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोकून कान लावायचा, चुंबक फिरवायचं, आणि एवढं करून ओंडका आणणाऱ्याकडे असं बघायचं की बिचारा चोरी करून आल्यासारखा उभा राही. "झाड खोटं नाही बोलत, आननारा बोलते," म्हणायचे तुम्ही. मला त्याचा राग यायचा. आता मीही गिऱ्हाइकाकडे तशीच बघते.

कापसाला भाव नव्हता ती वर्षं. लोक बांधावरची झाडं पाडून आणत. अशा झाडाला कधीकाळी कुणी बैल बांधायची कडी ठोकलेली असते, कुणी तार, आणि झाड वाढता वाढता ते पोटात घेतं. म्हणून तसा ओंडका तुम्ही चार-चार दिवस पाडून ठेवायचे, तासून बघायचे. त्या दिवशी तुम्ही परवान्याच्या कामाला यवतमाळला गेला होता. पहिल्या दिवसापासून आपल्या करवतीच्या पट्ट्याला धार लावणारा, त्याचे सांधे जोडणारा मिस्त्री जेवायला गेलेला. घराच्या चौकटीसाठी निंब घेऊन आलेला माणूस पाचव्या दिवशीही ताटकळत होता. ओंडक्याच्या कापल्या तोंडावर काळा डाग होता. "शेनाचा हाय बाई, लोखंड कायले राहीन त्यात?" तो म्हणाला. लोखंडानं लाकूड काळं पडतं, हे मला तुम्हीच शिकवलं होतं. तरी मी मशीन चालू केली. तुमचा संशय एकदा तरी खोटा पाडायचा होता मला.

निम्म्यावर पट्टा तुटला आणि खांबावर आदळला. कुणाला लागलं नाही. लाकडातून बोटाएवढी गंजकी कडी निघाली. पट्टा तुटला तर मशीनला पुन्हा हात लावू देणार नाही, असं तुम्ही बजावलं होतं, आणि मला या मशीनशिवाय दुसरं काही करायचंच नव्हतं. मी कडी भुशाच्या ढिगात खुपसली. तुम्ही आल्यावर मी सांगितलं, सांधा सुटला. तुम्ही पट्ट्यावरून अंगठा फिरवला. लोखंडावर आपटूनच उडतात तसे तीन दात उडालेले होते, ते तुमच्या अंगठ्याला लागले नसतील, हे मी कसं मानू? पण तुम्ही मिस्त्रीकडे वळलात. "काहून रे, सांधा कच्चा होता?" त्यानं एकदाच माझ्याकडे बघितलं. "मालक, माह्या हातावर शक असन तर मी कायले थांबू?" कानस फडक्यात गुंडाळून तो फुलसावंगीला गेला, तो गेलाच.

दुसऱ्या दिवशी ढिगात कडी नव्हती. आठवड्यानं तुम्ही हे चुंबक माझ्या हातात दिलंत, "आता तुह्याजवळ ठेव." त्याला गंजाची भुकटी चिकटलेली होती. तेव्हापासून मला तुमचाच संशय येतो, बाबा. अख्ख्या तालुक्यावर अविश्वास दाखवणारा माणूस पोरीपुढे आंधळा झाला, की सगळं कळूनही त्यानं मिस्त्रीला जाऊ दिलं? तुम्ही मला वाचवलंत म्हणून रडू, की त्याचा बळी दिलात म्हणून भांडू, हे अजून ठरत नाही. तुम्ही वारल्यावर तुमची पेटी शोधली, उशीसुद्धा उसवली. कडी सापडली नाही.

मिस्त्री अजून आहे. फुलसावंगीकडचं एक गिऱ्हाईक परवा सांगत होतं, त्याला आता दिसत नाही, पण कुठं पट्टा तुटल्याचं ऐकलं की तो विचारतो, सांधा गेला का दात? हे पत्र त्यालाच लिहायला हवं होतं. तो कुणाकडून तरी वाचून घेईल आणि उत्तरही धाडेल. म्हणूनच तुम्हाला लिहिलं.