फुकटातला गारवा

ती. ताईस,

वाकून नमस्कार. आईला पत्र वाचून दाखवशील तेव्हा खालचा ता.क. तेवढा गाळ.

इथे डांबर चपलेला चिकटतं, असलं ऊन. पण मला त्याची झळच लागत नाही. दिवसभर कोल्ड स्टोरेजमध्ये मासळीच्या पेट्या रचतो. गारठा वाया जाऊ नये म्हणून दार बाहेरून लावून घेतात. मुकादम म्हणतो, "लोक उन्हाने मरतायत आणि तुम्ही फुकटात गारवा खाताय, वर पगार!" सगळे हसतात. मीही हसतो.

निघताना मी बॅगेत भरलेला स्वेटर तू काढून घेतलास. म्हणालीस, "भट्टीत चाललायस वेड्या, हा कशाला?" तेव्हा मलाही हसू आलं होतं.

आईचे गुडघे कसे आहेत? भाऊजींनी माझी सायकल विकली तर नाही ना?

तुम्ही सगळे सुखात असा, माझं झकास चाललंय.

तुझा धाकटा

ता.क. अक्षरावरून ओरडू नकोस, डाव्या हाताने लिहिलंय. इथे हातमोज्यांचा एकच जोड तिघांत फिरतो, आणि त्या दिवशी माझी पाळी नव्हती. तू लोकरीचे विणून पाठव. डावा नेहमीसारखा कर. उजव्याला तीनच बोटं पुरतील.