लाल ठिपक्याचा कप

नायगाव,
९ डिसेंबर २०२४

सौ. ज्ञानेश्वरी वहिनींना सुदर्शनचा वाकून नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत. तुरी यंदा चांगल्या भरल्या. दादा जेवताना कुणाशी बोलत नाही. माउली आजोळी रुळला का? त्याची पाटी इथेच राहिली आहे, मी पुसून ठेवली आहे.

मी परवा नांदेडला सोनोग्राफीला गेलो होतो. घाबरू नका. माझ्या मानेवर, केसांखाली, गाठ आली आहे. तुमच्या पाठीवर आहे तशीच, हरभऱ्याएवढी. केस कापताना शिवलिंग न्हाव्याच्या बोटाला लागली. घरी कुणाला न सांगता दुसऱ्या दिवशी मी पहिली एसटी धरली.

डॉक्टर मॅडमनी मानेला गार जेल लावून यंत्र फिरवले. पडद्यावर काळसर गोल दिसला. त्या म्हणाल्या, "कातडीलगतच आहे, कड साफ आहे, आत रक्त फिरत नाही. साधी गाठ आहे. पिशवी होऊन आत मळ साठतो. दाबत बसू नका. दुखली, लाल झाली तर या."

मी विचारले, "दुसऱ्याला लागते का?"

"नाही हो. कोण म्हणालं असं?"

म्हणणारा मीच होतो, वहिनी.

मोबाइलवर काहीबाही वाचून मीच आईला सांगितले की तुमची गाठ वाईट आहे, लेकराला लागेल. तुमचा कप मीच वेगळा काढला. चुकून कुणी घेऊ नये म्हणून तुमच्याच नेलपॉलिशचा लाल ठिपका त्यावर दिला. तुम्ही म्हणालात, "भाऊजी, गाठीला पाय असतेत का, माझ्या पाठीवरून तुमच्या चहात यायला?" कुणी हसले नाही. मग आईने तुम्हाला पिठाला हात लावू दिला नाही, आणि तुम्ही माउलीला घेऊन अहमदपूरला गेलात.

तुम्हाला कुणी दवाखान्यात नेले नाही. स्वतःसाठी मात्र मी एक दिवस थांबलो नाही.

आज सकाळी चहाच्या वेळी सगळे सांगून टाकले. आई म्हणाली, "मंग आता तुझा बी कप येगळा काढू का?" आणि पदर तोंडाला लावून बसली. दादा एवढेच म्हणाला, "तिला काय तोंड दाखवू रे?"

तो गुरुवारी येतो आहे. तुमची गाठ माझ्यासारखीच असेल असे मी म्हणत नाही, ते तपासल्यावरच कळेल. लातूरला दाखवून घ्या. पण साधी निघाली तरच घरी या, असा याचा अर्थ नाही. काहीही निघाले तरी पिठाचा डबा तुमच्याच हाती राहील. यायचे की नाही, ते तुम्ही ठरवा. हे फोनवर मला बोलता आले नसते.

ठिपका राखेने घासला, निघत नाही. त्या कपात आता मी चहा घेतो.

तुमच्या कपावर खूण करणारा,
सुदर्शन