हार्लनचा जुना माणूस मेला म्हणे

५ ऑक्टोबर, रविवार
मेला म्हणे! माझ्या नवऱ्यातला जुना माणूस ख्रिस्ताबरोबर वधस्तंभावर मेला, पुरला, संपला. पाळक टिलमननी आज पुन्हा तेच सांगितलं — "स्वतःला पापी म्हणू नका. तुम्ही देवाचे पवित्र जन आहात. आधी तसं माना, मग तसं जगाल." सगळे आमेन! हार्लन सगळ्यात जोरात. बावीस वर्षं त्या जुन्या माणसाच्या उलट्या मी पुसल्या. मला न विचारताच मेला?

७ ऑक्टोबर, मंगळवार
दारू सोडलेल्यांच्या बैठकीला गेला नाही. "तिथे उभं राहून 'मी बेवडा' म्हणावं लागतं, डॉटी. मी तो नाहीच आता." अकरा महिने न प्यायल्याबद्दल तिथे मिळालेलं नाणंसुद्धा परत दिलं. बैठकीतला त्याचा जोडीदार गस, त्याचा फोन आला — "वहिनी, लक्ष ठेवा."
लक्ष ठेवा! दुसरं काय करते मी?

८ ऑक्टोबर
त्याचा कॉफीचा मग हुंगला. कॉफीच होती.

१० ऑक्टोबर
न्हाणीघरातल्या आरशावर चिठ्ठ्या. 'मी नवी उत्पत्ती आहे.' 'पापाची माझ्यावर सत्ता नाही.' दाढी करताना मोठ्याने वाचतो. मी गाडीच्या सीटखाली बघितलं, बुटांत बघितलं, कोंबड्यांच्या दाण्याच्या पोत्यात हात घातला. काही नाही! म्हणजे आता नीट लपवायला शिकलाय. वर हसतो काय, भांडी काय घासतो... हे तर फारच झालं.

१३ ऑक्टोबर, सोमवार
आज केलंच. आमच्या जिल्ह्यात दारू विकायला बंदी, म्हणून हद्दीपलीकडे गाडी नेली. डोक्याला रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा — चोरच जणू. व्हिस्की आणली. थोडी ओतून टाकली, जुनी वाटावी म्हणून. उरलेली दारू जिथवर होती तिथे लेबलवर पेन्सिलीने खूण केली आणि गॅरेजात रंगाच्या डब्यांमागे ठेवली. खरंच पवित्र जन असेल तर हात लावणार नाही. दुधाने तोंड पोळलंय माझं, ताक फुंकणारच!

१५ ऑक्टोबर
दारू खुणेपाशीच.

१६ ऑक्टोबर
अजून तिथेच. मी हिरमुसले. का, ते लिहवत नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
जेवता जेवता हार्लनने काटा खाली ठेवला. "डॉटी, मी प्यालो आज." आणि रडायलाच लागला. "कुंपणाला लावायचा रंग घ्यायला गॅरेजात गेलो... माझीच बाटली असणार, पूर्वी कधीतरी लपवलेली. तुझ्यापासून लपवायचं नाही मला. लपवणारा तो जुना होता."
आणि मला आनंद झाला. देवा, आनंद! मी खरी ठरले म्हणून.
बाटली कुणाची, ते अगदी ओठांवर आलं होतं. "उरलेली ओतून टाक," एवढंच म्हणाले.

१९ ऑक्टोबर, रविवार
चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभा राहिला आणि त्या बाटलीबद्दल क्षमा मागितली. शेजारी बसलेल्या ओपलने माझा हात घट्ट धरला. "किती सोसलंस गं बाई!"
मी मान डोलावली.