या, बसा

मंगळवार, नोव्हेंबर १९५६. आदिलाबाद

गल्लीतल्या गोविंदरावानं डोक्सं उठवलं. आजही दिवसभर माह्या शिलाईच्या दुकानात ठाण मांडून बसला. "हैदराबाद राज्य गेलं, आंध्र आलं, जुने कागद आता कोण पायते, हे दुकान माह्या आज्याचं होतं," असं प्रत्येक गिऱ्हाइकाले सांगून राह्यला. अजून चार महिने असाच बसला तर लोक म्हणतीन, कब्जा त्याचाच.

दुपारी चौकीवर गेलो. जमादारानं इचारलं, "मारा क्या उसने?"

"नहीं साहब, बस बैठता है."

"तो तुम भी लकडी नै उठाना. बैठने को बोला किसने?"

आता काय सांगू! दारात माणूस आला का मी 'या, बसा' म्हणतोच. बापानं तेच शिकवलं.

जमादार हसला. "फिर तो मेहमान हुआ! पैले साफ बोलो, उठो. नै उठा तो हाथ पकड के बाहर करो."

एकच शब्द. उठा. चौकीपासून दुकानापर्यंत घोकत आलो. गोविंदराव तवर चहा प्याले गेला होता. दिवेलागणीले परत आला. मी तोंड उघडलं, आन् निघालं काय? "या, बसा." जीभ आहे का काय आहे ही! तो बसला. मीही बसलो, कपाळाले हात लावून.

तेवढ्यात मागच्या घरातून बायको आली, पदर खोचून.

"उठा!"

एवढंच. गोविंदराव उठला, चपला घालून गुमान गेला.

पण इथं खोटं काऊन लिहू? त्याच्या आधी मी उठलो होतो.