बॅप्टिस्ट काकांचा एकच शॉट

२ नोव्हेंबर, रविवार
कॅमेरा आला. सेकंडहँड, पण मिररलेस. बायकोने, फेलिशियाने विचारलं, फोनला काय झालं होतं? फोनवर लोक कोळंबीची रेसिपी शूट करतात. मी स्वतंत्र दिग्दर्शक आहे. बँकेतली नोकरी तात्पुरती. लग्नाआधीपासून तात्पुरती.
संकल्प: महिनाअखेरीस फेस्टिव्हलची मुदत संपते. त्याआधी फिल्म पूर्ण. आणि यापुढे एकही वस्तू विकत घ्यायची नाही.

३ नोव्हेंबर
माईक मागवला. माईक ही वस्तू नव्हे, कॅमेऱ्याचाच अवयव. आवाज वेगळा पकडायला एक छोटा रेकॉर्डरही. वाऱ्याचा घोंघाट येऊ नये म्हणून माईकला केसाळ टोपी असते. फेलिशियाला ती सोफ्याखाली दिसली. तिने झाडूने ठेचली.

५ नोव्हेंबर
स्क्रिप्ट तयार. नऊ मिनिटं, एकच शॉट. शवपेटीत निजलेला मेलेला माणूस. शेवटी तो उठून बसतो आणि कोण कोण आलं नाही ते बघतो. बस. स्वस्तात मस्त. मेलेल्या माणसाला डायलॉग नाहीत, मेकअप नाही.
ट्रायपॉडही घेतला. कॅमेरा हातात धरून का उभा राहू?

६ नोव्हेंबर
हिरो मिळाला. आमचे बॅप्टिस्ट काका. पाचूबंदरला एकटेच असतात, होडी विकल्यापासून दिवसभर ओटीवर शेजाऱ्यांची जाळी दुरुस्त करतात. वाटलं होतं, अभद्र म्हणून हाकलतील. उलट खूश झाले. म्हणाले, मरनाचा सूट कपाटात लटकून हाय, अंगाला बसतो का ते तरी कळंल. क्लेटनला सांगू का, म्हटलं. क्लेटन म्हणजे त्यांचा मुलगा, कॅनडाला. म्हणाले, त्याला कामं असतात, कशाला त्रास.
माणिकपूरच्या पेटीवाल्याने एक दिवसासाठी पेटी दिली, टायटलमध्ये नाव टाकायच्या बोलीवर. बजेट असं वाचवायचं असतं.

८ नोव्हेंबर, शनिवार
शूट झालं.
आधी अडचणी. फेलिशिया माहेरी आगाशीला, म्हणून मेणबत्त्या मीच लावल्या. त्यात एक गोष्ट मला ऐन वेळी सुचली: स्वतंत्र दिग्दर्शकाने प्रेक्षक आधीच तयार करायला हवेत. म्हणून कॅमेरा फोनला जोडून फेसबुकवर लाईव्ह केलं. वर फक्त 'बॅप्टिस्ट काका, पाचूबंदर' एवढंच लिहिलं. उगाच जास्त लिहिलं तर सस्पेन्स जातो.
काका काय झोपले! पापणी हलली नाही. आठव्या मिनिटाला बॅटरी संपली. उठून बसायचा सीन राहिला. बॅटरी चांगल्या कंपनीची नव्हती, पण स्वस्तातली निवड बरोबरच होती. चूक चार्जिंगची. आणि माईक रेकॉर्डरला जोडलेला, त्यामुळे लाईव्हवर आवाज गेलाच नाही. मौन जास्त परिणामकारक.

रात्री
प्रतिसाद अफाट! कुवेत, दुबई, लंडन. रडण्याचे चेहरे, फुलं, हात जोडलेले. चुलतबहीण जेसिका लिहिते, बातमी ऐकून विश्वासच बसत नाही. माझाही बसत नाहीये. प्रत्येकाला 'मनापासून आभार' लिहिलं.
क्लेटनचाही मेसेज: दादा, तिकीट मिळालं, निघतोय, मी येईपर्यंत थांबवा. कॅनडाहून प्रीमियरला! 'तुझ्यासाठी थांबवतो' असं लगेच कळवलं. कलेची कदर लांब राहणाऱ्यांनाच.

९ नोव्हेंबर, रविवार
थोडा गोंधळ.
आपल्याकडे फेसबुकवर पेटी दिसली की ती मयतच असते, हे माझ्या ध्यानात राहिलं नाही. अर्ध्या गावाची पोरं परदेशात, सगळ्यांच्या घरचं दफन लाईव्हच जातं. चर्च सुटल्यावर भाईंदरचे नातेवाईक काळे कपडे घालून, पुष्पचक्र घेऊन काकांच्या दारात. दार काकांनीच उघडलं. त्यांच्यातले वॉल्टर मामा पायरीवरच खाली बसले. काकांनी सगळ्यांना चहा पाजला, पुष्पचक्र ठेवून घेतलं.
फेलिशियाने फोनवर फार मोजकं सुनावलं. क्लेटनला कळवायला फोन लावला. बंद. विमानात होता.

१० नोव्हेंबर, सोमवार
क्लेटन सकाळी आला. काळा सूट, डोळे सुजलेले. काका ओटीवर जाळं दुरुस्त करत होते. क्लेटन रिक्षाजवळच उभा राहिला. काकांनी विचारलं, जेवलास काय? मग तो तिथेच मातीत बसून रडला, लहान पोरासारखा. काका जाळ्यातली सुई सोडेनात.
मी शूट करत होतो. फोकस गेला. क्लेटनला विचारलं, परत एकदा रिक्षातून उतरशील का? त्याने इंग्लिशमध्ये शिवी दिली. फेलिशियाने माझ्या हातातून कॅमेरा काढून घेतला.
जेवताना क्लेटन म्हणाला, आईचं दफन त्याने लाईव्ह पूर्ण पाहिलं होतं, तिकडे कॅनडात किचनमध्ये बसून. संपलं तेव्हा वाटलं, आपण हजर होतो. बाबांचं मध्येच बंद पडलं. ते काही सहन होईना.
मला लाज वाटली. खरंच वाटली.

१४ नोव्हेंबर
फेस्टिव्हलचा विचार रद्द. पुढचा प्लॅन त्याहून मोठा. लोक विचारताहेत, तो इतका स्वच्छ व्हिडिओ कोणी काढला? म्हणजे मागणी आहे. मयताचं लाईव्ह, पण सिनेमाच्या दर्जाचं. दुसरा कॅमेरा, नवी लेन्स. फेलिशियाला योग्य वेळी सांगेन.

१९ नोव्हेंबर
क्लेटन काल परत गेला. आज काकांनी बोलावून घेतलं. म्हणाले, माझ्या टायमाला तूच बघ. मी डायरी काढली, पहिलं बुकिंग! किती कॅमेरे लावू, म्हटलं.
काका म्हणाले, एक पन नको. बघायला मिलालं की पोरगा येत नाय.
मी बरं म्हटलं.