जगदेवीला न टाकायचं पत्र

सोमवार, ६ जानेवारी २०२५

उजवा गुडघा — बरा आहे. डावा — कालपेक्षा बरा, पण त्याचा भरवसा नाही. कंबर — आहे. डोळे — मोतीबिंदू काढलेला मजेत, दुसरा त्याच्यावर जळतो. पोट — तक्रार नाही. डोकं — मागच्या बाजूनं दुखतंय. दात — जे आहेत ते ठीक.

रोज सकाळी असं एकेकाला विचारायचं आणि वहीत लिहायचं. माहेनूर मॅडमनी सांगितलंय. वॉर्डातल्या दवाखान्यात त्या समुपदेशक आहेत. वय सत्तावीस, माझं अडुसष्ट. बीपीच्या गोळ्या दोनदा वाढवल्या तरी बीपी खाली येईना, तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्याकडं धाडलं. म्हणाल्या, "आजी, गोळी तिचं काम करतेय. तुम्ही मनात कायतरी धरून बसलाय."

घरी सुनेनं, अपेक्षानं, विचारलं, "काय म्हणाल्या मॅडम?" म्हटलं, गुडघ्यांशी बोला म्हणाल्या. ती म्हणाली, "बरं." आमची सून जास्त विचारत नाही. म्हणून घर चाललंय.

बुधवार, ८ जानेवारी

श्वास. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. भाकऱ्या थापता थापता केला. भाकऱ्या चांगल्या फुगल्या. राग होता तिथंच आहे.

गुरुवार, ९ जानेवारी

मॅडमनी विचारलं, राग कुणाचा येतो? म्हटलं, कुणाचाच नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि गप्प बसल्या. गप्प माणसापुढं मला गप्प बसता येत नाही — सांगून टाकलं.

जगदेवीचा. माझी धाकटी नणंद, वळसंगच्या मल्लप्पांना दिलेली. मी लग्न होऊन आले तेव्हा सोळाची होते, ती सातची. तिची वेणी मीच घालायची. ती शाळेतून आली की तिच्या पाटीवर बघून मी अक्षरं गिरवायची. मी शाळा पाहिली ती एवढीच. पुढं किराणाच्या पुड्यांचे कागद वाचून वाचता आलं, आणि मग गल्लीतल्या बायकांची पत्रं लिहायला लागले. तीस वर्षं लिहिली.

गेल्या फेब्रुवारीत हे गेले. सकाळी छाती धरून बसले, दुपारी संपलं. त्या दिवशी नळ आला होता. आमच्याकडं पाचव्या दिवशी पाणी येतं, आणि आलं की घरातलं माणूस नळापाशीच असतं. तिसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलेलं — आणि जगदेवी सगळ्यांदेखत माझ्याकडं बोट करून म्हणाली, "माझा भाऊ छाती धरून बसला हुता, आन् ही घागरी भरत हुती!" शेजारच्या कुणीतरी तिच्या कानावर घातलं असणार. मी म्हटलं, मला बोलले असते तर सोडलं असतं की पाणी! ते काही बोललेच नाहीत. लोक माझ्या बाजूनं झाले. तिलाच चार शब्द ऐकवले. ती पिशवी उचलून गेली.

अकरा महिने झाले. फोन नाही, येणं नाही.

मॅडम म्हणाल्या, "तिला पत्र लिहा. जे बोलायचंय ते सगळं. शिव्यासुद्धा चालतील. पण टाकायचं नाही. लिहून फाडून टाकायचं." लिहायचं आणि फाडायचं! माझं एक पत्र आजवर वाया गेलं नाही. पण दवाखान्याचं ऐकायचं म्हणून हो म्हटलं.

शनिवार, ११ जानेवारी

बसले लिहायला. हे असं झालं —

"चि. सौ. जगदेवीस अनेक आशीर्वाद. तुझी तब्येत कशी आहे? थंडीत तुझा दमा उठतो, गरम पाणी घेतेस का? मल्लप्पांची साखर कशी आहे? गोड सोडलं का? (नसणार.) थोरल्याच्या पाठीचं काय झालं? धाकट्या सुनेला दिवस होते, सुखरूप सुटली का? काय झालं, मुलगा की मुलगी? म्हैस व्याली का?"

पान संपलं. रागाला जागाच राहिली नाही. फाडलं.

रविवार, १२ जानेवारी

परत लिहिलं. परत म्हशीपर्यंतच.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. गड्ड्याची जत्रा भरलीय. दरवर्षी जगदेवी गड्ड्याला यायची, चार दिवस राहायची, आणि घरी जाताना माझाच तवा मागायची. यंदा तवा घरीच.

बुधवार, १५ जानेवारी

रोज अर्धा तास चालायचं, हेही मॅडमच्या यादीत आहे. शेजारच्या बजाबाईला बरोबर घेऊन कंबर तलावापर्यंत गेले. बजाबाई सगळ्या वाटेनं बोलत होती. "व्हय गं, तू शांत हुयाला निघालीस, आन् मी तुझ्या मागनं दमून मरायला व्हय?" मी विचारलं, तुला राग आला की तू काय करतेस? म्हणाली, "धुणं आपटते की. त्यात मालकाचा शर्ट घावला तर लई बरं वाटतं."

मॅडमच्या यादीत हे नाही. सांगून बघेन.

गुरुवार, १६ जानेवारी

सांगितलं. मॅडमनी लिहून घेतलं!

मग माझी पत्रं विचारली. फाडलेले तुकडे मी पिशवीतून नेले होते, जुळवून वाचले त्यांनी. "आजी, हे रागाचं पत्र हाय?" म्हटलं, तब्येत विचारल्याशिवाय पत्र सुरू कसं करायचं? भांडायचं तरी समोरचं माणूस भांडायला धड आहे का ते बघायला नको? त्या हसल्या, मग हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, "बरं, तब्येतीपासूनच सुरू करा. पण पुढच्या पानावर जा."

शनिवार, १८ जानेवारी

पुढच्या पानावर गेले. लिहिलं — "त्या दिवशी तू मला जे बोललीस". पुढं पेन चालेना. नवं पेन घेतलं. तेही चालेना. पेनाचा दोष नव्हता.

मागच्या पानावर आले. धाकट्या सुनेला काय झालं, हे न कळता पत्र अर्धवट वाटत होतं. शिवानंद, माझा लेक, चहा पीत होता. त्याला म्हटलं, वळसंगला काय झालं रे, मुलगा की मुलगी?

"मुलगी. सात महिन्यांची झाली."

"तुला कसं माहीत?"

त्यानं बशीत बघितलं. म्हणाला, "आत्याचा फोन येतो की."

"कधी?"

"महिन्याला. पहिल्या आठवड्यात. तुझं बीपी विचारती."

"तू काय सांगतोस?"

"काय सांगणार? वाढलंय म्हणतो."

"मग?"

"मग म्हणती, मी इचारलं म्हणून तिला सांगू नगंस."

चहा पिऊन तो कामावर गेला. मला सांगून टाकलं, हे त्याच्या लक्षातसुद्धा आलं नसावं. अकरा महिने घरातली सगळी माणसं मला सांभाळत होती, आणि मी समजत होते की मी त्यांना सांभाळतेय.

रविवार, १९ जानेवारी

गुडघे, कंबर, डोळे — सगळे बरे. आज विचारावंसं वाटलं नाही. विचारलं.

राग शोधला. कालपर्यंत होता तिथं नाही. मॅडमना वाटेल बरं झालं. मला बरं वाटत नाहीये. राग होता तोवर त्याच्यामागं दुसरं काही दिसत नव्हतं.

मंगळवार, २१ जानेवारी

नळ आला. पहिली घागर भरली, दुसरी लावली, ती भरून वाहायला लागली तरी नळी काढली नाही. कानात घूं आवाज. श्वास केला — चार आत, सहा बाहेर. काही उपयोग नाही. मॅडमनी असं झाल्यावर करायला एक सांगितलंय : आजूबाजूच्या पाच वस्तू बघा आणि त्यांची नावं घ्या. घेतली. घागर. घागर. घागर. बादली. नळ.

ज्यानं शिकवलं त्याला पाण्याच्या दिवशी सोलापुरात बसवायला पाहिजे.

अपेक्षा आली, माझ्या हातातली नळी घेतली, म्हणाली, "आत जाऊन बसा, अत्याबाई." मी बसले. तिनं सगळं पाणी भरलं, शेवटचं पिंपसुद्धा. मग शेजारी येऊन बसली. काही विचारलं नाही. पहिल्यांदाच वाटलं, हिनं विचारावं. मी तिचा हात धरला. बराच वेळ धरला. ह्याचा उपयोग झाला — लिहून ठेवते.

गुरुवार, २३ जानेवारी

मॅडमकडं गेले नाही. बजाबाईकडून निरोप धाडला — आजी पत्र लिहितायत.

शुक्रवार, २४ जानेवारी

फाडलं नाही. सकाळी पेटीत टाकून आले. एक प्रत इथं ठेवते.

"चि. सौ. जगदेवीस अनेक आशीर्वाद. तुझा दमा, मल्लप्पांची साखर, थोरल्याची पाठ, नवी पोरगी आणि तिची आई, सगळ्यांचं कसं आहे ते एकेकाचं नाव घेऊन कळव.

त्या दिवशी ते मला बोलले होते. दोनदा बोलले. 'छातीत कसंतरी होतंय, चल जाऊ दवाखान्यात,' म्हणाले. मी म्हटलं, एवढं पिंप भरू द्या, मग जाऊ. तू जे बोललीस ते खरं होतं. मी सगळ्यांपुढं तुला खोटं पाडलं, आणि माणसं माझ्या बाजूनं झाली तेव्हाही गप्प राहिले. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.

शिव्या द्यायच्या असतील तर शिव्या दे. पण लवकर लिही."