पाद्रीघळीतून मागे फिरलेल्यांची पाटी

मी, थेओडुल रुप्पेन, वय ७९, धंद्याने डोंगरातला वाटाड्या, गुडघ्यांमुळे निवृत्त, राहणार हिंटरमाट, वाले प्रांत, स्वित्झर्लंड, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली न येता स्वहस्ते लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गावातल्या फार थोड्यांना असे लिहून देता येईल.

१. माझी फावडी, दोर आणि बर्फात गाडलेला माणूस शोधायच्या लांब काठ्या बचाव पथकाला द्याव्यात. शहरातून येणाऱ्या रंगीबेरंगी पाहुण्यांना यातले काहीही उसने देऊ नये. गाडले गेल्यावर ठावठिकाणा सांगणारे यंत्र अंगावर बांधले की हिमलोट लाजून थांबतो, अशी त्या दीडशहाण्यांची समजूत आहे.

२. राहते घर भाचा मोरित्झ याला, पण अटीवर. हा शूरवीर येत्या १९ मार्चला पाद्रीघळीतून स्कीवर उतरणार आहे, कारण चाळीस वर्षांपूर्वी त्याच तारखेला तिथून पहिला मी उतरलो.

मी विचारले, "बर्फ बघितलास का?"

"मामा, तारीख ठरलीय. फोटोवाले येणारेत."

गाढवा, बर्फाला तारीख कळत नाही. वाऱ्याने घळीच्या तोंडाशी किती बर्फ साचवलाय ते आधी बघ. एका वेळी एकानेच उतरायचे, बाकीच्यांनी खडकाआड थांबायचे. ऊन पोचण्याआधी सगळे बाहेर. आणि पायाखालचा थर 'धप्प' करून बसला, की मागे फिरायचे. मोरित्झ जन्मात कधी मागे फिरलेला नाही. ज्या दिवशी फिरेल आणि खाणावळीत चारचौघांत तसे सांगेल, त्या दिवसापासून घर त्याचे. या कलमाची नक्कल आजच त्याच्या हाती द्यावी. माझ्या मरणाची वाट पाहू नये.

३. खाणावळीत घळ उतरलेल्यांच्या नावांची पाटी आहे. वर माझे नाव, खाली सात बढाईखोरांची. माझ्या बचतीतून शेजारी दुसरी पाटी लावावी: मागे फिरलेल्यांची. पहिले नाव इग्नाझ लाउबर, १० मार्च १९७९.

४. इग्नाझ माझा जोडीदार. त्या संध्याकाळी तो खाणावळीत येऊन म्हणाला, "थर धप्प करतोय रे. मी फिरलो माघारी."

मी सगळ्यांसमोर म्हणालो, "मग उद्या बायकोचा परकर नेसून जा!"

सगळे खदाखदा हसले. सर्वांत मोठ्याने मी. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला आणि हिमलोटाखाली सापडून मेला. आठ दिवसांनी मी उतरलो तेव्हा घळीत धोक्याचा बर्फ उरलाच नव्हता. तो इग्नाझने स्वतःबरोबर खाली नेला होता. झाडलेल्या वाटेवरून मी उतरलो आणि चाळीस वर्षे त्यावर फुकटची दारू प्यालो. या मृत्युपत्रात ज्यांना नावे ठेवली, त्या सगळ्यांहून मी नीच आहे.

५. जुन्या पाटीवरचे माझे नाव रंध्याने काढावे.

हिंटरमाट, १२ फेब्रुवारी २०१९
सही: थेओडुल रुप्पेन

साक्षीदार:
१. लेओ आंडेनमाटेन, खाणावळवाला. (मीही हसलो होतो.)
२. क्रेसेंझिया लाउबर, इग्नाझची बायको. (वाचले. पहाटे स्की बांधताना तो म्हणाला होता, "थेओ हसला नसता तर आज झोपून राहिलो असतो.")